चंद्रगुप्ताचे अमात्यपद घेणाऱ्या राक्षसाला स्वामिनिष्ठ म्हणावे का?

पोथीवाचक:

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक पुन्हा एकदा सलग वाचले आणि या खेपेसही शेवटच्या, म्हणजे सातव्या अंकापाशी मन अडून राहिले. नंदकुळाचा समूळ उच्छेद झाल्यानंतरही ज्याने चंद्रगुप्ताच्या वधासाठी एकामागून एक कट रचले, पर्वतक राजाचा मुलगा मलयकेतू याला हाताशी धरून पाच राजांचे सैन्य जमवले आणि कुसुमपुरावर, म्हणजे पाटलिपुत्रावर, चाल करण्याची सिद्धता केली, तोच नंदांचा अमात्य राक्षस अखेरीस चाणक्याच्या सांगण्यावरून मंत्रिपदाचे शस्त्र हाती घेतो. ज्या निष्ठेकडे आपण सहा अंक आदराने पाहत आलो, ती येथे मोडली असे समजायचे का? नाटककाराने या प्रसंगाला शोकान्त वळण दिलेले नाही. उलट सर्वांचे भले झाले असाच सूर लावला आहे, आणि तोच मला खटकतो.

दुसरी शंका चाणक्याविषयी आहे. सत्ता, सैन्य आणि हेरांचे जाळे हाती असताना त्याने राक्षसाला सरळ ठार का केले नाही? जाणकारांनी नाटकातील प्रसंगांच्या आधारे लिहावे, ही विनंती.

नाट्यरसिक:

दुसऱ्या शंकेचे उत्तर नाटकातच दोन ठिकाणी सापडते. पहिल्या अंकात चाणक्य स्वामिसेवेच्या तीन पायऱ्या सांगतो. धनी वैभवात असताना लोक लाभासाठी त्याची चाकरी करतात. तो संकटात सापडला तरी काही जण त्याला सोडत नाहीत, पण त्याचे दिवस पुन्हा फिरतील ही आशा त्यांच्या मनात असते. आणि धनी नाहीसा झाल्यावरही केवळ त्याचे जुने उपकार स्मरून, कसलीही अपेक्षा न ठेवता त्याच्या कार्याची धुरा वाहणारा सेवक मात्र विरळा. राक्षस या तिसऱ्या पायरीवरचा आहे, हे चाणक्याने ओळखले आहे आणि म्हणूनच त्याला तो चंद्रगुप्तासाठी हवा आहे. पुढे तिसऱ्या अंकात कौमुदीमहोत्सवाच्या निमित्ताने गुरुशिष्यांचे जे लटके भांडण होते, त्यात चंद्रगुप्त याच प्रश्नावर बोट ठेवतो. बळाचा वापर केला असता तर राक्षस स्वतः तरी नष्ट झाला असता किंवा त्याने तुझे प्रमुख योद्धे तरी गारद केले असते आणि दोन्हीकडून हानी तुझीच झाली असती; तेव्हा रानहत्तीप्रमाणे त्याला युक्तीनेच वश करायला हवे, असे चाणक्य त्यावर सांगतो. भांडण खोटे असले तरी हा विचार खरा आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. राक्षसाची निष्ठा सातव्या अंकात तपासण्याऐवजी दुसऱ्या अंकापासून पाहावी. तेथे गारुड्याच्या वेषात आलेला विराधगुप्त कुसुमपुरातील बातम्या सांगतो आणि राक्षसाने पाठवलेला एकेक माणूस कसा मेला हे आपल्याला कळते. तोरण पाडून चंद्रगुप्ताला चिरडण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या दारुवर्म्याला शिपायांनी दगडांनी ठेचून मारले. अभयदत्त वैद्याने विषारी औषध दिले, परंतु सोन्याच्या पात्रात त्याचा रंग पालटलेला चाणक्याने पाहिला आणि ते औषध त्या वैद्यालाच पाजण्यात आले. सर्वांत भयंकर हकिगत बीभत्सक आणि त्याच्या साथीदारांची आहे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतीत दडून बसलेल्या या मारेकऱ्यांचा सुगावा चाणक्याला लागतो तो मुंग्यांमुळे. भिंतीच्या फटीतून भाताची शिते घेऊन बाहेर पडणारी मुंग्यांची रांग त्याला दिसते, आत माणसे आहेत हे तो ताडतो आणि त्या घरालाच आग लावतो. धुरात वाट न सापडल्याने ती सारी माणसे आत जळून मेली.

ही सर्व माणसे राक्षसाच्या नंदनिष्ठेपायी मेली. तो हळहळतो, दैवाला दोष देतो आणि पुन्हा नवा डाव मांडतो. चंदनदासाच्या वेळी प्रथमच आपल्या निष्ठेची किंमत दुसरा माणूस मोजत असताना तो स्वतः वधस्थानापाशी उभा आहे आणि ते थांबवणे त्याच्या हातात आहे. या रत्नपारखी व्यापाऱ्याने राक्षसाच्या बायकोमुलांना आपल्या घरी लपवले, चाणक्याने पहिल्याच अंकात धमकावूनही त्यांना स्वाधीन केले नाही आणि त्यासाठी स्वतःची बायको व मुलगा यांच्यासह तुरुंग पत्करला. चाणक्यासारख्या माणसालाही त्या वेळी शिबिराजाची आठवण व्हावी, यातच चंदनदासाची योग्यता आली. म्हणून चंदनदासाच्या प्राणांच्या बदल्यात मंत्रिपदाचे शस्त्र उचलताना राक्षस जे बोलतो ते महत्त्वाचे वाटते. तो चाणक्याच्या बुद्धीला किंवा मौर्यांच्या सत्तेला नमन करीत नाही. सर्व काही स्वीकारायला लावणाऱ्या मित्रस्नेहाला नमस्कार असो, असे तो म्हणतो. मेलेल्या राजकुळाशी असलेली निष्ठा आणि जिवंत मित्राचे प्राण यांपैकी त्याने मित्राचे प्राण निवडले. ती निष्ठा मोडली असे मी म्हणणार नाही. ती फार आधी थांबायला हवी होती, इतकेच म्हणेन.

तंजावरकर:

नाट्यरसिक यांचे विवेचन पटते, परंतु चंदनदासाचे हौतात्म्य हाही चाणक्याने मांडलेलाच डाव आहे, ही गोष्ट त्यात मागे पडते. सहाव्या अंकात जीर्ण उद्यानात गळफास घेऊ पाहणारा जो माणूस राक्षसाला भेटतो आणि चंदनदासाच्या वधाची वार्ता देतो, तो चाणक्याचाच हेर आहे. चंदनदासाला वधस्थानी नेणारे चांडाळदेखील वेषांतर केलेले हेरच आहेत. राक्षसाचा मित्रस्नेह अस्सल आहे यात शंका नाही, परंतु त्या स्नेहाचा दोर करून चाणक्याने त्याला ओढून आणले आहे.

सत्तेच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांची निष्ठाही तपासून पाहावी. मलयकेतूच्या विश्वासातला, पण आतून चाणक्याचा असलेला भागुरायण पाचव्या अंकाच्या आरंभी स्वतःशीच कळवळतो, की आपल्यावर इतका जीव लावणाऱ्या कुमाराला फसवायचे म्हणजे फार कठीण काम आहे. आणि तरीही फसवतो. गुरूच्या आज्ञेनेच गुरूचा अवमान करायचा आहे हे ठाऊक असूनसुद्धा चंद्रगुप्ताला धरणीने पोटात घ्यावे असे होते. चांडाळाचा वेष घेतलेल्या हेरांपैकी सिद्धार्थकाला त्याचा सोबती विचारतो, की चांडाळाचे काम करायला चाणक्याला दुसरे कोणी मिळाले नाही का? त्यावर सिद्धार्थक म्हणतो, की ज्याला या जगात जगायचे आहे तो आर्य चाणक्याची आज्ञा मोडील कसा! एका सेवकाची निष्ठा कृतज्ञतेतून येते आणि दुसऱ्याची भीतीतून, आणि विजय दुसऱ्या प्रकारच्या निष्ठेचा होतो. आपल्याला जे खटकते त्याचे मूळ मला येथे दिसते.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. मूळ संस्कृत वाचणाऱ्यांनी ढुंढिराजाची टीका (म्हणजे भाष्य) जरूर सोबत ठेवावी. तंजावरच्या मराठी राजवटीत १७१३ मध्ये ती लिहिली गेली आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी आपल्या आवृत्तीत ती छापली.

पोथीवाचक:

दोघांचेही आभार. तंजावरकर यांच्या मुद्द्यावर एक विचारतो. चाणक्याची सत्ता निव्वळ भीतीवर उभी आहे असे मानले, तर तिसऱ्या अंकातील त्याच्या घराचे वर्णन कसे लावायचे? राजवाड्यातला सेवक कंचुकी तेथे पोचतो तेव्हा त्याला गोवऱ्या फोडायचा दगड, शिष्यांनी आणलेल्या दर्भाचा ढीग, मोडकळीला आलेल्या भिंती आणि वाळत घातलेल्या समिधांच्या भाराने वाकलेले छप्पर एवढेच दिसते. ज्याला स्वतःसाठी काहीच नको त्याच्याविषयी सेवकांना नुसती भीती वाटत असेल, हे पटत नाही. आणि सर्व काही साधल्यावर राक्षसाने केलेली पहिली विनंती मलयकेतूच्या प्राणरक्षणाची आहे; चाणक्य ती मान्य करायला लावतो आणि त्याला वडिलोपार्जित राज्यही परत मिळते.

नाट्यरसिक:

चाणक्याच्या निःस्पृहतेविषयी आपले म्हणणे मान्य आहे. मलयकेतूच्या बाबतीत मात्र दयेपेक्षा हिशोब अधिक असावा. कारण एव्हाना त्याच्याकडून काही धोका उरलेलाच नव्हता. राक्षस आणि ते राजे चंद्रगुप्ताला फितूर आहेत असे भासवणाऱ्या खोट्या पत्रावर विश्वास ठेवून त्याने आपल्याच बाजूच्या पाच राजांना मारवले. भूमीची हाव असल्याचा ठपका ज्या तिघांवर होता त्यांना खड्ड्यात पुरले, आणि हत्ती हवे असल्याचा आरोप ज्या दोघांवर होता त्यांना हत्तीकडून मारवले. सत्ता होती, पण कोण आपला आणि कोण परका हे ओळखण्याची नजर त्याला नव्हती.

ही नजर राक्षसालाही पुरती नव्हती, याकडे आपल्या चर्चेत अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. ते घातकी पत्र आपला मित्र शकटदास याच्या हस्ताक्षरात आहे असे सिद्ध होताच राक्षसाच्या मनात प्रथम येते ते हे, की बायकोमुलांच्या आठवणीने शकटदास स्वामिभक्ती विसरला असावा. वास्तविक मजकुराचा हेतू लपवून ते पत्र त्याच्याकडून लिहवून घेतले होते. ज्याच्या स्वतःच्या बायकोमुलांसाठी चंदनदास तुरुंगात खितपत पडला आहे, त्या राक्षसाने आपल्या जिवलग माणसाबद्दल इतक्या चटकन असा ग्रह करून घ्यावा, याचे मला फार वाईट वाटते. शकटदास निर्दोष असल्याचे त्याला सातव्या अंकात कळते आणि तेही चाणक्याच्या तोंडून.