मदत हवी आहे : बढती नाकारणाऱ्या कुशल कारागिराची प्रगती कशी साधावी?

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. साचे बनवण्याची (मोल्डिंगची) वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा नेमका सांगणारा आणि पाळी संपल्यावरही रिजेक्शनची (सदोष ठरलेल्या मालाची) नोंदवही स्वतःहून पूर्ण करणारा आमचा एक कारागीर सुपरवायझरची बढती पुन्हा नाकारतो आहे. "माणसं हाकणं मला जमायचं न्हाई," एवढेच तो म्हणतो.

व्यक्तिमत्त्व आणि कामगिरी यांचा संबंध तपासणाऱ्या बॅरिक आणि माउंट या संशोधकांच्या १९९१ च्या अभ्यासात कर्तव्यदक्षता सर्वच व्यवसायांतील कामगिरीशी, तर बहिर्मुखता प्रामुख्याने व्यवस्थापन व विक्रीच्या कामाशी निगडित आढळली होती. मात्र त्यावरून अबोल माणसाला नेतृत्व जमणारच नाही, असे मानणे मला घाईचे वाटते. (व्यवस्थापनाला त्याची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची आहे, माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही.) शिवाय त्याची प्रेरणा कामात आहे, हुद्द्यात नाही.

माणसे सांभाळण्याची सक्ती नसलेले, पण पगार आणि मान वाढवणारे, नव्या मुलांना काम शिकवण्याची जबाबदारी देणारे एखादे तांत्रिक पद आपल्यापैकी कोणी कारखान्यात निर्माण केले आहे का? त्याची वेतनश्रेणी कशी ठरवली आणि इतर सुपरवायझरांची नाराजी कशी हाताळली, हे कृपया सविस्तर कळवावे.