पहिली कयाक ‘मोठीच घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे

अनवट

परवा ‘सरळधार’ यांनी आपल्या लेखात नवशिक्यांना सल्ला दिला की, खळाळत्या पाण्यासाठी पहिली कयाक घेताना मिळेल तेवढी मोठी क्रीक बोट (खडकाळ, उताराच्या पाण्यासाठीची जास्त घनफळाची कयाक) घ्यावी, हाफ स्लाइसच्या (मागचे टोक पातळ असलेल्या बोटीच्या) नादी लागू नये आणि अंग घट्ट बसावे म्हणून आत फोम बसवण्याचे काम एक हंगाम पाण्यात काढल्यावर सवडीने करावे. तिथे मी दोन ओळींचे उत्तर दिले होते, परंतु तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. हाच सल्ला ऐकून मी दोन हंगाम वाया घालवले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वजन 56 किलो आहे. पहिली बोट घेतली ती 300 लिटरहून अधिक घनफळाची. ती पाण्यावर इतकी वर तरंगे की तिची कड पाण्याला लागतच नसे. एडीत (खडकामागच्या उलट वाहणाऱ्या शांत पाण्यात) शिरताना बोट कडेवर कलती ठेवायची, हे मला पाठ होते, पण कलायची ती मी, बोट नव्हे. लाटेचा फेस तिला ढकलेल तिकडे ती जायची आणि मी वल्ह्याने मागून दुरुस्त्या करत राहायचे. रोल मारताना (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करताना) गुडघे थाय ब्रेसवरून (मांड्यांना पकड देणाऱ्या आतील आधारांवरून) निसटायचे, खांदे पाण्याबाहेर यायचे आणि बोट मात्र उलटीच राहायची. दोन वर्षे मला वाटत राहिले की माझ्या अंगात पुरेसे बळ नाही. मग एका सहलीत एका मैत्रिणीची 240 लिटरच्या आसपासची रिव्हर रनर (नदीत सर्वसाधारण वापरासाठीची कयाक) वापरायला मिळाली. तिची आणि माझी चण सारखी, त्यामुळे आतील पॅड मला जसेच्या तसे बसले. त्या दिवशी मी दोनदा उलटले आणि दोन्ही वेळा पहिल्याच प्रयत्नात वर आले.

लिटरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 90 किलोच्या माणसाला जी बोट जेमतेम पुरते, तीच माझ्यासाठी फुगा ठरते. उत्पादक जी वजनश्रेणी देतात ती इतकी ऐसपैस असते की तिच्या तळाशी असलेल्या माणसाने तिच्यावर विसंबू नये. साधने, हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि पिण्याचे पाणी यांसह आपले वजन करावे आणि ते त्या श्रेणीच्या मध्याजवळ येते का ते पाहावे.

‘फोमचे काम नंतर’ हे वाक्य तर मला मुळीच मान्य नाही. कंबर आसनात हलत असेल, तर पहिल्या दिवसापासून शरीर चुकीच्या सवयी शिकते. आसनाची जागाही आधीच ठरवायला हवी. स्थिर पाण्यात सर्व साधनांसह बसावे आणि दुसऱ्याला बाजूने पाहायला सांगावे. मागचे टोक खाली आणि पुढचे वर दिसत असेल, तर आसन पुढे घ्यावे. दोन-तीन सेंटिमीटरनेसुद्धा बोटीचा स्वभाव बदलतो. मात्र आसन सरकवल्यावर थाय ब्रेसही त्या मापाने सरकवावे लागतात, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

सरळधार

माझ्या लेखातील एक वाक्य उचलून आपण एवढे मोठे उत्तर लिहिले, तेव्हा मीही सविस्तर लिहितो.

आपलीच हकिगत पुन्हा वाचावी. गुडघे ब्रेसवरून निसटत होते, कंबर आसनात हलत होती. हा दोष मोठ्या बोटीचा नाही, रिकाम्या बोटीचा आहे. मैत्रिणीच्या बोटीत आपण वर आलात, कारण तिचे पॅड आपल्याला बसले. तेच पॅड मोठ्या बोटीत लावून पाहिले होते का? पाहिले नसेल, तर घनफळाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

नवशिक्याला धोका कशाचा असतो, ते मी पाहिले आहे. छोट्या धबधब्याखाली उतरल्यावर भरपूर घनफळाची, पुढचे टोक वर उचललेली बोट लवकर पृष्ठभागावर येते आणि होलवरून (पाणी उलटे फिरून बोट धरून ठेवते त्या जागेवरून) पुढे निघून जाते. पातळ शेपटीच्या बोटीत मागचे टोक पाण्याखाली खेचले जाते आणि माणूस पाठीवर उलटतो. माझ्या एका मित्राने पहिली बोट म्हणून हाफ स्लाइस घेतली. प्रत्येक एडीच्या रेषेवर तिचे मागचे टोक बुडायचे. एका दिवसात तो चार वेळा बोट सोडून पोहला, शेवटच्या वेळी गुडघा खडकावर आपटून आला आणि पुन्हा कधीच नदीवर आला नाही. मोठ्या बोटीत बसला असता, तर आज तो आमच्यासोबत असता.

जुनावल्हेकरी

दोन्ही बाजू वाचून खेद झाला, कारण मूळ प्रश्न लांबीचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. 1973 साली हॉलोफॉर्म कंपनीची रिव्हर चेझर ही कयाक आली आणि साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिएथिलीनच्या बोटींचे युग सुरू झाले. त्या आधी आणि नंतरही कित्येक वर्षे नदीवर लांब बोटी चालत. 1980च्या दशकातील परसेप्शन कंपनीची डान्सर साडेतीन मीटरच्या आसपास होती. आज स्लॅलम शर्यतीच्या के-1 (एकट्याच्या कयाक) बोटीला किमान 3.5 मीटर लांबी लागते, ती उगीच नाही. पाण्याला टेकलेली लांबी जितकी जास्त, तितका वेग टिकतो, आणि वेग असला की एडी पकडता येते. अडीच मीटरच्या गुबगुबीत बोटीत बसून नदीने नेले तिकडे जायचे, यालाच आता वल्हवणे म्हणू लागले आहेत.

फोमविषयी एवढेच सांगतो की, बोट अंगात घालायची असते. आम्ही मिनीसेल (बारीक छिद्रांचा टणक) फोम करवतीने कापून आणि खरखरीत कागदाने घासून असा बसवायचो की, आत शिरायला श्वास सोडावा लागे. कंबर हलली की बोट हललीच पाहिजे. आजच्या मंडळींना पाय पसरून बसायचे असते आणि मग रोल येत नाही म्हणून तक्रार असते.

निळाडोह

‘श्वास सोडून आत शिरा’ हा सल्ला कृपया नव्या माणसाला देऊ नये. असा सल्ला मी पाळला आणि त्याची किंमत मोजली.

हिप पॅडमध्ये (कमरेच्या दोन बाजूंच्या गाद्यांमध्ये) फोमच्या चार-चार पट्ट्या घातल्या, बॅकबँडचे (कमरेमागच्या पट्ट्याचे) ताणायचे रॅचेट शेवटच्या दातापर्यंत ओढले. चाळीस मिनिटांनी दोन्ही पाय बधिर झाले. पुढे मोठा रॅपिड (खळाळत्या पाण्याचा टप्पा) होता, तो चालत जाऊन पाहायचा होता. मी बोटीतून उतरलो, ओल्या खडकावर पाय ठेवला आणि पायाखाली खडक आहे की पाणी, हेच मला कळेना. मी प्रवाहात पडलो. सोबत्याने दोर फेकला आणि तो हाती लागला, म्हणून हे लिहीत आहे. ज्या बोटीतून उतरल्यावर उभे राहता येत नाही, ती घट्ट नव्हे, चुकीची बसवलेली आहे. एवढा अनुभव गाठीशी असून आपण याला शिस्त म्हणता, याचा मला राग येतो.

जुनावल्हेकरी

राग समजू शकतो, निष्कर्ष मात्र मान्य नाही. पाय बधिर होण्याचे कारण बहुधा हिप पॅड नसतात. मांड्यांना खालून आधार नसतो, सारा भार बैठकीच्या हाडांवर आणि आसनाच्या कडेवर येतो, त्यात मांड्यांमागचे स्नायू ताणलेले असतात आणि नस दबते. आसनाचा पुढचा भाग फोमची पाचर घालून उचलावा आणि मांडी टेकू द्यावी. आपण हे केले होते का?

निळाडोह

केले नव्हते. नंतर केले आणि फरक पडला, हे मान्य करतो. पण बॅकबँड दोन दात सैल केल्यावर त्याहून जास्त फरक पडला, हेही आपण मान्य करावे.

जुनावल्हेकरी

बॅकबँड कमरेच्या कण्याला सरळ ठेवण्यासाठी असतो, पायांना पुढे दाबण्यासाठी नव्हे. तो शेवटच्या दातापर्यंत ओढा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. ‘श्वास सोडून’ हे शब्द मात्र मागे घेतो. आमच्या वेळचे कॉकपिट (बसायचे तोंड) इतके लहान होते की, गुडघे बाहेर काढायला आधी मागे सरकावे लागे. आजच्या लांब कॉकपिटमध्ये गुडघा थेट वर उचलता येतो. तुलना करताना ते मी सांगायला हवे होते.

खडकवाट

मी गेली अनेक वर्षे नवशिक्यांना शिकवतो. या साऱ्या वादात पायांकडे कोणाचेच लक्ष नाही, याचे आश्चर्य वाटते. कंबर आणि मांड्या यांनी रोल सुधारतो, पण जीव अडकतो तो पावलांपाशी.

एकदा एका विद्यार्थ्याला शिकवणी संस्थेची जुनी बोट दिली होती. आत बल्कहेड (पावले टेकवायची आडवी भिंत) नव्हते, दोन बाजूंना फूट पेग (पावले टेकवायच्या खुंट्या) होते. पुढचे टोक पाण्याखालील खडकावर आदळले आणि धक्क्याने त्याचे उजवे पाऊल पेगच्या पलीकडे घसरले. बूट पेगमागे अडकला. बोट उलटली नाही, एवढेच नशीब. त्याला बाहेर काढायला दोघांना कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बराच वेळ झटावे लागले, आणि तोवर तो माझ्या डोळ्यांत पाहत होता. त्या दिवसापासून खडकाळ, उताराच्या पाण्यात पेग असलेली बोट मी कोणाला देत नाही.

बल्कहेड असले म्हणजे काम झाले असेही नाही. ते बोटीच्या भिंतीपर्यंत पोहोचले पाहिजे, बाजूला पाऊल घुसेल एवढी फट राहता कामा नये, आणि त्यावर जाड फोम हवा, म्हणजे आदळल्यावर घोट्याऐवजी फोम दबेल. माप घेताना नदीतले बूटच पायात हवेत. घरी अनवाणी बसून माप घेतलेली बोट नदीवर दोन सेंटिमीटरने आखूड निघते आणि मग गुडघे ब्रेसवर सतत दाबले जातात. पायाचे चवडे फोमला नुसते टेकलेले असावेत, आणि गुडघे वर ओढले की तत्क्षणी पकड यावी. पकड हवी तेव्हा मिळावी आणि नको तेव्हा सुटावी, एवढेच मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सरळधार

ताणून धरायचे नाही, पण पेगने आम्ही वर्षानुवर्षे काम चालवले आहे. पेगची जागा उतरल्या-उतरल्या बदलता येते. एका बोटीत तीन जण आळीपाळीने बसत असतील, तर दर वेळी फोम कोण कापणार? प्रत्येक सोय जीवघेणी ठरवू लागलो, तर नवा माणूस पाण्यात उतरणारच नाही.

खडकवाट

आपण ‘काम चालवले’ म्हणता, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोणते पाणी आहे? संथ, खोल पाण्यात पेग चालतील, माझी हरकत नाही. पण आपला सल्ला क्रीक बोटीचा आहे, म्हणजे खडक, उतार आणि आदळणे गृहीतच आहे. एकाच लेखात क्रीक बोट घ्या म्हणायचे आणि आतले काम वर्षभर पुढे ढकला म्हणायचे, ही विसंगती मला नवशिक्याच्या जिवावर बेतणारी वाटते. आपले लिखाण अनेक जण वाचतात, म्हणून इतके कठोर लिहिले.

अनवट

चर्चा पावलांवर गेली ते बरेच झाले, पण एअर बॅगचा (बोटीत पाणी भरू नये म्हणून ठेवायच्या हवेच्या पिशवीचा) उल्लेख अजून कोणी केलेला नाही. सरळधार यांच्या मोठ्या बोटीवरचा माझा खरा आक्षेप इथे आहे. बोट जितकी मोठी, तितके माणूस पोहल्यावर तिच्यात पाणी जास्त. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मागे साठ लिटरची फुगलेली पिशवी असेल, तर साठ किलो पाणी आत शिरूच शकत नाही. माझ्या पहिल्या बोटीत एकही पिशवी नव्हती. उलटल्यावर ती अशी भरली की चौघे मिळून काठाला ओढू शकलो नाही, आणि दोन वळणांपुढे ती खडकाला गुंडाळलेली सापडली. मोठी बोट घ्या म्हणणाऱ्याने पुढच्याच वाक्यात पिशव्यांविषयी सांगायला हवे.

जुनावल्हेकरी यांना एक प्रश्न आहे. पट्ट्या चिकटवायला तुम्ही काय वापरायचात? माझ्या हिप पॅडचा फोम दर पावसाळ्यात सुटतो.

जुनावल्हेकरी

पॉलिएथिलीनला कोणताही गोंद मनापासून धरत नाही. कॉन्टॅक्ट सिमेंटचे दोन हात दोन्ही पृष्ठभागांवर द्यावेत, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावेत, मग एकदाच दाबावे आणि एक दिवस हात लावू नये. तरीही भरवसा गोंदावर ठेवू नये. फोमचा तुकडा किंचित मोठा कापून असा घुसवावा की गोंद नसला तरी तो जागचा हलणार नाही. मधला उभा फोमही तसाच बसवावा, कारण डेक (बोटीचा वरचा भाग) पाण्याच्या दाबाने खाली बसू लागला, तर पायांवर येण्याआधी त्याला अडवणारा तो एकच असतो.

लांब बोटींचे मत सोडलेले नाही. पण 56 किलोच्या माणसाला 300 लिटर देऊ नयेत, हे मी अनवटताईंकडून मान्य करतो.

सरळधार

काल रात्री टॉर्च घेऊन माझी स्वतःची बोट तपासली. बल्कहेडच्या डाव्या बाजूला बुटाचे टोक जाईल एवढी फट होती. सहा वर्षे मी त्या बोटीत बसतो आहे. फोम कापून ती बुजवली आणि लेखातील ‘फोमचे काम सवडीने’ हे वाक्य काढून टाकून त्या जागी पावले, पिशव्या आणि आसन यांविषयी चार ओळी घातल्या. खडकवाट यांनी त्या एकदा पाहून घ्याव्यात.

हाफ स्लाइसबद्दलचे माझे मत तेच आहे. पहिली बोट म्हणून ती नको. ‘मिळेल तेवढी मोठी’ऐवजी ‘वजनश्रेणीच्या मध्यापासून वरच्या बाजूला वजन येईल अशी क्रीक बोट’ असा बदल करतो आहे, याहून पुढे मी सरकणार नाही.

अनवट

वरच्या बाजूला म्हणजे नक्की किती, यावर माझे अजून भांडण आहे, पण आता नवा माणूस निदान बोट घेण्याआधी वजनकाट्यावर उभा राहील. लेखातील बदल वाचला. त्यात पिशव्या मागे दोन्ही बाजूंना हव्यात, हे राहिले आहे, तेवढे घालावे.