अनुभव लिहा: घरच्या माणसांचे फोटो तुम्हाला कसे जमू लागले?

आजोबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही. शेवटी कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा केला, तोही अंधुक. तेव्हापासून मी माणसांचे फोटो काढायला शिकतोय. बडोद्यात माझ्यासारखे बरेच जण असतील, म्हणून विचारतोय. कॅमेरा कुठला ते राहू द्या. उजेड कुठून होता, माणूस कसा बसला होता आणि चौकटीत काय घेतलं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. दांडियाबाजारच्या घरी आजीला भर दुपारी ओट्यावर बसवलं. ऊन थेट डोक्यावर, त्यामुळे कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मग पाट उचलून दोन हात आत, दाराच्या सावलीत ठेवला आणि तिला तोंड बाहेर करायला सांगितलं. अंगणातल्या फरशीवरून उजेड उलटून तिच्या चेहऱ्यावर आला आणि डोळे दिसू लागले. पण कॅमेरा समोर धरला की ती ताठ व्हायची, हात मांडीवर घट्ट. तांदूळ निवडायला दिले. वीसेक फोटो फुकट गेले. ‘झालं का रे?’ म्हणून तिने मान वर केली, तो मिळाला.

कारेलीबागेतून
बायकोचं नाक प्रत्येक फोटोत मोठं यायचं. मी मोबाइल हातभर अंतरावर धरत होतो. इतक्या जवळून नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या फारच जवळ पडतं, म्हणून फुगतं. आता पाच-सहा फूट मागे जातो आणि दुप्पट झूम करतो. बस, एवढंच.

रावपुऱ्यातून
महाराजा फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्यांची चित्रं लहानपणापासून पाहिली आहेत. यंदा मात्र नाकाची सावली कुठे पडते, तेवढंच बघत फिरले. पुष्कळ ठिकाणी उजेड एका बाजूने, जरा वरून येतो. दुसरा गाल सावलीत आणि मागे गडद शांतता. घरी येऊन आईला खिडकीशी तिरकं बसवलं. पहिला फोटो विचित्र आला, अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा. खोलीतला दिवा चालू राहिला होता! तो बंद केला. सावलीचा गाल फारच काळा वाटला, म्हणून गणपतीच्या मखराचा उरलेला पांढरा थर्माकोल भावाने त्या बाजूला धरला. तो जवळ आणला की सावली निवळते, लांब नेला की गडद होते. आईच्या डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकला आणि चेहरा जिवंत झाला. तो ठिपका नसेल तर मी आता फोटो काढतच नाही.

मांडवीहून
ताईचे साखरपुड्याआधीचे फोटो कमाटीबागेत काढले. झाडाखाली उभी केली तर पानांतून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे तिच्या गालावर, आणि मागचा दिव्याचा खांब थेट डोक्यातून उगवलेला. दोन पावलं बाजूला सरकल्यावर दोन्ही गेलं. तिला म्हटलं, ‘ताई, भार मागच्या पायावर टाक, खांदा थोडा वळव, हनुवटी किंचित पुढे आणि खाली.’ चौकट मनगटावर किंवा घोट्यावर तुटली की हातपाय छाटल्यासारखे दिसतात, हे घरी आल्यावर कळलं. आता सांध्याच्या वर किंवा खाली कापतो.

फतेहगंजहून
हातांचं काय करायचं, हा प्रश्न मला भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी सोडवून दिला. २०१२मध्ये जाईपर्यंत त्या आपल्याच गावात राहत होत्या. नेहरू कबूतर सोडतायत तो त्यांचा फोटो आठवा. हात कामात आहेत, म्हणून चेहरा मोकळा आहे. मी बाबांना उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, अगाशीवर मांज्याची फिरकी धरायला दिली. तेही ऊन कलल्यावर, पाचच्या सुमारास. दुपारी सगळेच डोळे मिचकावतात.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस उभा केला की कॅमेरा भिंतीला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून उजेड वाढवा, भिंत पांढरीफटक झाली तरी चालेल. मात्र फिल्टर लावून कुणाचा रंग उजळू नका. माझ्या काळ्यासावळ्या आत्याचा असा ‘सुधारलेला’ फोटो कुणीतरी तिला दिला होता. ती कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, ‘ही कोण रे?’

पुन्हा कारेलीबागेतून
माझं अजून एका जागी अडतंय. बाबांच्या चष्म्यात खिडकी दिसते आणि डोळे जातात. चष्मा काढला तर ते बाबा वाटत नाहीत.

रावपुऱ्यातून
चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचला. काचा खाली कलतात आणि खिडकी निसटते. समोरून कळत नाही. आईवर करून पाहिलंय.