म्युनिक की आखेन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यातून मेकॅनिकल केलंय, मग दोन वर्षं चाकणला नोकरी. जर्मनीत मास्टर्ससाठी म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ आणि आखेनचं आरडब्ल्यूटीएच, दोन्हीकडून होकार आलाय आणि आता डोकं चालेनासं झालंय.

म्युनिकला २०२४ पासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी आहे, मास्टर्सला सत्रामागे ४ ते ६ हजार युरो. वर घरभाडं जर्मनीतलं सगळ्यात महाग. आखेनला फी नाही, फक्त सत्रशुल्क, त्यातच देशभरच्या लोकल गाड्यांचा पास. पण बीएमडब्ल्यू, सीमेन्स म्युनिकला! बाबा म्हणतात, कर्ज काढू, मोठ्या शहरातच जा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटचे (वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरताना घाम फुटला होता, ते मात्र विसरले.

आखेनला राहिलेलं कुणी सांगाल का, शिकता शिकता तिथेच इंजिनिअरिंगचं अर्धवेळ काम मिळतं, की जवळच्या कोलोन शहराची गाडी धरावी लागते? आणि बी१ (मधल्या पातळी) पर्यंतच्या जर्मन भाषेवर भागतं का? म्युनिकवाल्यांनी खोलीचं स्वतः भरलेलं भाडं सांगावं, जाहिरातीतलं नको. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.