मदत हवी आहे: सकाळी ११ ची कोलोनोस्कोपी, निघायचंय चोपड्याहून

तापीकाठ:
मोठे भाऊ, वय ५२. पन्नाशी उलटली म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण टाकून मोठ्या आतड्याची तपासणी) सुचवली. तपासणी जळगावला, सकाळी ११ वाजता. पोट साफ करायच्या पावडरचं पाकीट मिळालंय, २ लिटर पाण्यात करायचं. कागदावर फक्त 'आदल्या दिवशी हलका आहार' एवढंच लिहिलंय. चालू गोळ्या: मधुमेहाच्या मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन, शिवाय अ‍ॅस्पिरिन ७५ आणि लोहाची गोळी. एसटीने जायचं की गाडी करायची? खायचं काय, गोळ्यांचं काय?

गिरणेकडची:
पावडर पॉलिइथिलिन ग्लायकॉलची आहे ना, ते आधी पाकिटावर बघा. हा पदार्थ शरीरात जवळजवळ शोषला जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवतो आणि सगळं धुऊन काढतो. म्हणून पाणी मोजूनच घ्यायचं. एक लिटरमध्ये घट्ट कालवून 'लवकर संपवू' म्हणणाऱ्यांना मळमळ होते, उलटी होते, आणि अर्धं औषध मोरीत जातं. फ्रीजमध्ये गार करून प्यायलं की चव सुसह्य होते. वेगळी साखर त्यात घालू नका.

दोन भाग करा. पहिला लिटर आदल्या संध्याकाळी ६ वाजता, दर १०-१५ मिनिटांनी एक पेला, साधारण २०० ते २५० मिली. दुसरा लिटर तपासणीच्या दिवशी पहाटे. सगळं रात्रीच पिऊन झोपलं तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून पित्ताचा चिकट थर उतरतो आणि नेमका मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर बसतो. चपटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या लहान गाठी) तिथेच नजरेतून निसटतात.

आता तुमची खरी अडचण प्रवासाची. शेवटचा पेला संपल्यावरही तास-दोन तास जुलाब चालू राहतात. एसटीचा विचारच सोडा. दुसरा लिटर ४ वाजता सुरू करून साडेपाचपर्यंत संपवला तर ८ ला गाडीने निघता येईल. त्याहून बरं म्हणजे आदल्या दुपारीच जळगावला पाहुण्यांकडे जाणं, संडास घरातच असेल तर. किंवा दुपारी २ ची वेळ मागून घ्या. भूल देणार असतील तर शेवटचं पाणी किती तास आधी, हे हॉस्पिटलला विचारा. निदान २ तास तरी पोट रिकामं लागतंच, काही ठिकाणी जास्त सांगतात.

शेवटी संडासला फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी यायला हवं. गढूळ तपकिरी असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा.

कळणाभाकर:
खाण्याचं सांगतो. तीन दिवस आधीपासून बिया, साली, चोथा बंद. म्हणजे भरीत बंद (वांग्याच्या बिया स्कोपच्या नळीत अडकतात), ठेचा बंद, कळण्याची भाकरी बंद, तीळ-शेंगदाणे, पेरू, टोमॅटो, पालेभाजी बंद. शेवभाजीच्या रश्श्यातलं खोबरंही नको. खान्देशी माणसाला हे तीन दिवस जड जातात, पण इलाज नाही. मऊ भात, धुतलेल्या मूगडाळीचं वरण, सोललेला उकडलेला बटाटा, दही, अंडं, मैद्याचा ब्रेड चालतं. पिकलेलं केळंही बहुतेक ठिकाणी चालतं.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: गाळलेली पेज, गाळलेलं लिंबूपाणी, शहाळं, दुधाशिवाय चहा. ताक-दूध नाही. कोकम आणि लाल-जांभळी सरबतं नकोत, आत रक्तासारखी दिसतात. सब्जा तर मुळीच नको. ऊन तापलेलं असेल तर पावडरशिवाय वेगळं पाणी भरपूर प्या.

सातपुड्याचा फार्मासिस्ट:
गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन साधारण ३ दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. ग्लिमेपिराइड उपाशीपोटी साखर एकदम खाली आणते, त्यामुळे त्या दोन दिवसांचा डोस मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ग्लुकोमीटर आणि साखर घातलेलं गाळीव लिंबूपाणी हाताशी असू द्या. अ‍ॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध असतं तर वेगळा विचार करावा लागला असता. मनाने काही बंद करू नका. लोहाची गोळी ५ ते ७ दिवस आधी बंद, तिने मळ काळा आणि चिकट होतो.

आणि एक विचारतो: लोह कशासाठी चालू आहे?

तापीकाठ:
हिमोग्लोबिन १०.२ होतं. मूळव्याधीचं रक्त जातं म्हणून असेल, असं गावातल्या दवाखान्यात सांगितलं.

सातपुड्याचा फार्मासिस्ट:
मग भाऊ, ही 'रूटीन' तपासणी राहिली नाही. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन इतकं कमी आणि त्यात रक्त जातंय, हे स्कोप करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर आजच सांगा. मूळव्याध असतेही, पण तिच्याआड गाठ लपलेली असू शकते. ते कदाचित त्याच बैठकीत तोंडातूनही दुर्बीण टाकतील. तारीख पुढे ढकलू नका.

गिरणेकडची:
अगदी. त्रास नसलेल्यांनी ही तपासणी कधी सुरू करायची, यासाठी अमेरिकेत २०२१ पासून वयाची ४५ वर्षं धरतात, आपल्याकडे तसा सरकारी कार्यक्रम नाही. कुणी मळातल्या सूक्ष्म रक्ताची तपासणी वर्षाला करून भागवतं. तुमच्या भावांना तो पर्याय लागू नाही.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी बघा: स्कोप सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचला का आणि तिथला फोटो आहे का, सफाईचा बोस्टन स्कोअर (९ पैकी, मोठ्या आतड्याच्या तिन्ही भागांत निदान २-२ हवेत), पॉलिप काढला असेल तर आकार, जागा आणि बायोप्सीचा कागद. सफाई कमी पडली असेल तर 'नॉर्मल' या शब्दावर दहा वर्षं निर्धास्त राहता येत नाही.

कळणाभाकर:
घरी येताना सोबत माणूस हवाच. भूल दिली तर २४ तास गाडी चालवायची नाही, सातबाऱ्याच्या कागदावरही सही नको. पोट फुगून गॅस जाणं नेहमीचं. पोट दगडासारखं कडक, ताप, किंवा गुठळ्यांसह रक्त असेल तर गावात गॅसचं इंजेक्शन घेत बसू नका, सरळ जळगाव गाठा. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्त येऊ शकतं, तेव्हा चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जायचा बेत असेल तर तारखा जुळवून बघा.

तापीकाठ:
फोन केला. त्यांनी तपासणीची वेळ दुपारी २ ची करून दिली, दोन्हीकडून बघणार म्हणाले. दुसरा लिटर आता किती वाजता?

गिरणेकडची:
सकाळी ७ ते साडेआठ. साडेदहाला निघा, गाडीत जुना टॉवेल आणि एक जादा पायजमा असू द्या. तोंडातूनही दुर्बीण आहे, त्यामुळे साडेआठनंतर पाण्याचा घोटही विचारल्याशिवाय नको.