येल्मचा वध : घटना एक, अर्थ दोन
भूमिका वठवण्याच्या खेळात (रोल-प्लेइंग गेममध्ये) खेळ चालवणाऱ्याकडे त्या काल्पनिक जगाचा एकच खरा इतिहास असलाच पाहिजे, असे एक मत मांडले जाते; ते मला पूर्णपणे पटत नाही. १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या अशाच खेळातील ग्लोरान्था या जगात वादळदेव ऑर्लांथचे उपासक त्याने केलेला सूर्यसम्राट येल्मचा वध हे जुलमाविरुद्धचे बंड मानतात, तर येल्मला पूजणारे दारा हाप्पा या देशाचे लोक त्याला राजहत्येचे महापातक म्हणतात, आणि दोघांनाही आपापल्या देवाकडून प्रत्यक्ष सामर्थ्य मिळत असल्याने चमत्कार हा पुरावा ठरत नाही. वध झाला, हे मात्र दोघेही नाकारत नाहीत. वाद आहे तो अर्थाचा. उलट याच जगातील, सर्व पुराणांमागे एकच सूत्र शोधणाऱ्या ‘गॉड लर्नर्स’ या जादूगार-विद्वानांनी (अभ्यासकांना हा खवचट टोलाच असावा) दोन प्रांतांच्या धान्यदेवतांची अदलाबदल केली, तेव्हा तिथे पिके बुडाली.