नागपूरच्या महाल भागातल्या गच्चीवर ऐकलेला गुरू ग्रह?

प्रश्न: गच्चीवर २०.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (तारेचा साधा अँटेना) बांधलाय. काल पहाटे तीनला लाटांसारखा आवाज आला, उठत-विरत. गुरूचे रेडिओ संकेतच असतील का? आणि यातून त्याचं चुंबकीय क्षेत्र कसं कळतं?

उत्तर: आजूबाजूचे कूलर चालू होते का? मोटारी फार खरखरतात. गुरूचा चंद्र आयो तेव्हा कुठे होता तेही बघ, त्याच्यामुळे संकेत जोरात येतात.

उत्तर: इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषांभोवती गरगरतात, दर गाऊसला (क्षेत्राच्या ताकदीचं एकक) २.८ मेगाहर्ट्झने, आणि साधारण त्याच वारंवारतेचे रेडिओ संकेत सोडतात. गुरूचे संकेत ३९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास संपतात, त्यावर मिळत नाहीत, म्हणजे तिथलं सगळ्यात जोरदार क्षेत्र साधारण १४ गाऊस. १९५५ साली हे संकेत पहिल्यांदा ओळखले गेले.

प्रश्नकर्ता: दादा, गल्लीतली लाईटच गेली होती, रिसीव्हर बॅटरीवर होता! आयोचं आत्ताच तपासतो. शनिवारी रामटेककडे शेतात तार बांधणार, कोणी येता का?